आबांच्या ट्रकची काच

माझ्यामुळे माझ्या सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घराबाहेर हे मी कुणाला बोललो नव्हतो. मुळात मी फार बोलतच नाही. पण आता प्रकरण शेजारच्या गल्लीपर्यंत गेलंय, तेव्हा सांगून टाकतो.

मी सांगलीत विम्याच्या कचेरीत कारकून आहे. उरलेल्या वेळात प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या, विमानं जोडतो. परदेशी खोक्यात सुटे भाग येतात. ते तासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी हा छंद सांगायला लाज वाटते, म्हणून शेजारी विचारतात तेव्हा मी 'घरी थोडं काम आणलंय' असं सांगतो.

सासुरवाडी उंब्रजजवळ. सासरे, म्हणजे आबा, यांनी सगळी नोकरी लष्करात ट्रक चालवण्यात काढली. खंडेनवमीला त्यांच्याकडे कोयता, कुदळ, ट्रॅक्टर अशी सगळ्यांची पूजा होते. आबा दरवर्षी म्हणायचे, "ज्याच्यावर आयुष्य काढलं, त्यो ट्रक तेवढा न्हाई पूजेला." मी मनात धरलं आणि वीतभर लांबीचा लष्करी ट्रक मागवला. आत स्टिअरिंग धरलेला बोटभर ड्रायव्हरसुद्धा होता.

महिनाभर खपलो. शेवटी राहिली समोरची काच. पारदर्शक भागाला साधा पांढरा गोंद लावायचा असतो, तो वाळायला रात्र जाते. खंडेनवमी उद्यावर आलेली. मी झटकन चिकटणारा गोंद लावला. त्याची वाफ आतून काचेवर बसते आणि काच दुधासारखी पांढरी होते, हे मला माहीत होतं. (माहीत असलेल्या चुका मी फार मन लावून करतो.) पाचच मिनिटांत आतला ड्रायव्हर धुक्यात नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी आबांच्या घरी ट्रक तसाच पाटावर ठेवला. हळदकुंकू झालं. आबांनी तो उचलून डोळ्यांशी धरला.

"पावणं, काच जरा धुरकट दिसतीया का वं?"

इथे एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण भरलं घर माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, "नाही आबा. लख्ख आहे."

आबांनी माझ्या मेहुण्याला, संपतला, विचारलं. जावयाला त्याच्याच सासुरवाडीत खोटं पाडायचं नाही, ही त्या घराची रीत. संपत ट्रककडे न बघताच म्हणाला, "दाजी म्हणत्यात म्हंजे लख्खच." सासूबाईंनी तर काचेत आपलं तोंड दिसतंय म्हणून पदर सारखा केला. बायकोने, सुनंदाने, माझ्याकडे एकदाच बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

आबांनी ट्रक खाली ठेवला आणि डोळे चोळले.

पंधरा दिवसांनी कचेरीत सुनंदाचा फोन आला. "आबांना कऱ्हाडला दवाखान्यात घातलंय. मोतीबिंदू. उद्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. तुमच्या ट्रकची काच लख्ख दिसंना, म्हणून स्वतःच तपासायला गेले."

एका वीतभर ट्रकपायी म्हाताऱ्याच्या डोळ्याला सुरी लागणार होती! सकाळच्या पहिल्या एसटीने निघालो. दवाखान्यात पोचल्याबरोबर सगळं कबूल करायचं, हे वाटेत पाठ केलं. पण एसटी वाटेत पंक्चर झाली, आणि मी पोचलो तेव्हा आबा डोळ्यावर पट्टी लावून चहा पीत होते.

"पट्टी उद्या निघनार," ते म्हणाले. "घरी गेल्यागेल्या पैल्यांदा तुमचा ट्रक बगनार."

म्हणजे ऑपरेशन होऊनही काच धुरकटच दिसणार. मग म्हातारा दुसराही डोळा कापून घेईल!

मी तडक आबांच्या घरी गेलो आणि काच उचकटून काढली. (ड्रायव्हरची टोपी तिच्याबरोबर आली. ती परत चिकटवली.) पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर घेतला, मग त्याहून बारीक, मग सगळ्यात बारीक. काच आणखी पांढरी झाली. ती तशीच होते, तिथे धीर सोडायचा नसतो. पुढे पांढऱ्या टूथपेस्टने जुन्या बनियनवर घासायची. सासूबाईंच्या घरात दात घासायला मिसरी. टूथपेस्ट आणायला कोपऱ्यावर पळालो. ओसरीवर बसून नखाएवढी काच तासभर घासत होतो, तेव्हा सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "पावणं, तोंड धुयाला मागं पानी ठिवलंय."

शेवटी फरशीला चकाकी आणायचं पातळ पॉलिश. कबुलीचा धीर झाला नाही तर असावी, म्हणून पॉलिश पेपर आणि ही बाटली सांगलीहूनच आणली होती. त्यात काच बुडवायची, कडेचा थेंब कागदाने टिपायचा आणि धूळ बसू नये म्हणून वाटीखाली झाकून वाळवायची. संध्याकाळी वाटी उचलली आणि क्षणभर काच सापडेना. इतकी लख्ख. या वेळी पांढऱ्या गोंदानेच बसवली.

दुसऱ्या दिवशी आबा घरी आले. मोतीबिंदू खरंच पिकला होता, डॉक्टरांनी वेळेवर आलात म्हणून सांगितलं होतं. आबांनी ट्रक हातात घेतला. "आता कसं झ्याक दिसतंय. पावण्यांमुळं डोळा वाचला माजा."

सासूबाई आतून शाल आणि नारळ घेऊन आल्या. तेवढं मात्र मला सोसलं नाही.

"आबा, काच खरंच धुरकट होती. मीच घाण केली होती. खोटं बोललो."

आबांनी चष्मा काढला. "ठावं हाय की. दुसऱ्या डोळ्यानं बी धुरकटच दिसत हुती. पर तुमी लख्ख म्हनला. जावयाला खोटं पाडन्यापरीस म्हनलं, आपलंच डोळं तपासून घ्यावं."

आबा ट्रक फिरवून बघत होते.

"एक सांगू का पावणं? काच साफ केली न् घोळ झाला. ह्यो गडी डावीकडं कसा बसलाय?"

गाडी परदेशी. स्टिअरिंग डावीकडे. महिनाभर त्या ड्रायव्हरच्या मिशा रंगवताना मला हे दिसलं नव्हतं.

"रविवारी शेजारच्या गल्लीतला माज्या पलटनीतला दोस्त येतोय बगायला," आबा हळूच म्हणाले. "तेवढं धुकं परत आनता यील का?"

मी आतून तोच झटकन चिकटणारा गोंद लावला, थांबलो, फुंकर घातली, पुन्हा लावला. काच ढिम्म. फरशीच्या पॉलिशचा थर दिला की त्या गोंदाची वाफ काचेवर बसतच नाही, हे मला तेव्हा कळलं. माझ्या हातून झालेलं हे पहिलंच निर्दोष काम.

रविवारी दोस्त आले. ट्रक उलटसुलट करून म्हणाले, "गड्या, ह्यो डावीकडं बसलाय व्हय?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा तेच केलं. "नाही हो. उजवीकडेच आहे."

"दाजी म्हणत्यात म्हंजे उजवीकडंच," संपत म्हणाला. सासूबाईंनी मान हलवली.

दोस्तांनी ट्रक खाली ठेवला आणि डोळे चोळले.

काल त्यांना कऱ्हाडला डोळे तपासायला नेलं. गाडी मीच चालवली. उजवीकडे बसून.