कडबा म्हशीचा हाय

करपलेल्या कडब्याचा वास आला की मला चौसाळ्याजवळचं आमचं शेत आठवतं. वैशाखातली दुपार होती, पावसाचा थेंब नव्हता, नुसता वारा आणि गडगडाट. वीज पडली ती थेट कडब्याच्या गंजीवर. आई धावली, तसे आजोबा ओरडले, "थांब, देवाची आग हाय, इझवू नये!" आई ओलं पोतं आपटत म्हणाली, "आग देवाची आसंल मामा, पण कडबा माझ्या म्हशीचा हाय." अर्धी गंजी तिनं ओढून वाचवली. मग पाऊस कोसळला, ओढा फुगून बांधाला लागला, तशा त्याच पेंढ्या तिनं उचलून टेकाडावर नेल्या. वर बघून म्हणाली, "आत्ता आलास व्हय?" आता वैशाखात ढग गरजले की मीही देवाला हात जोडते, पण आधी पोतं भिजवून ठेवते.