सहा इंच जास्त

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, चाळीस वर्षं कारखान्यात लेथ मशीनवर होते. अर्ध्या सुताची चूक त्यांना खपत नसे. ताईने दोरीवर चादर जराशी तिरकी वाळत घातली, तरी हे उठून सरळ करणार. आम्ही त्यांना मागून ‘फूटपट्टी’ म्हणायचो.

ताई घसरून पडली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, “जमिनीवरची गादी बंद. गुडघ्याएवढ्या उंचीचा पलंग आणा. रोज आपल्या आपण उठून उभं राहायचं. हे दोन महिने फुकट गेले, तर पाय पुन्हा साथ देणार नाहीत.”

मी लगेच म्हटलं, “दाजी, आमच्याकडची लोखंडी खाट घेऊन येतो.”

“नको रे. लग्न झाल्यापासून तिला पितळी पलंग हवाय, कोपऱ्यांवर गोळे असलेला. दर वेळी मी पुढच्या वर्षावर ढकललं. आता आणीन तर तोच.”

मी खाटेचा विषय सोडून दिला. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मग दाजी खिशात चुंबक आणि टेप घेऊन जुन्या सामानाच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवू लागले. चुंबक चिकटलं की आत लोखंड, वर नुसता मुलामा, पलंग बाद. जोड हलला, बाद. एकाचा चौथा गोळा बाकी तिन्हींपेक्षा सूतभर लहान निघाला, तोही बाद. दुकानदारांच्या नाकी नऊ आले. इकडे जमिनीवरच्या गादीवरून ताईला मी आणि तिची सून काखेत हात घालून उचलायचो. तिला स्वतःहून उठताच येत नव्हतं. तरी संध्याकाळी ती हौसेने विचारायची, “आज पसंत पडला का हो?”

सात आठवड्यांनी पलंग आला. अस्सल पितळ, नाव ठेवायला जागा नाही. ताई गोळ्यावरून हात फिरवत रडली. आम्ही तिला कडेला बसवलं आणि तिचे पाय लोंबकळत राहिले. तळवे जमिनीपासून चांगले सहा इंच वर.

दाजींनी दार मोजलं होतं, भिंत मोजली होती, दांडीची जाडी मोजली होती. ताईचा गुडघा तेवढा मोजला नव्हता.

मी नको नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी पलंग उलटा करून त्यांनी हॅक्सॉने चारही पाय कापले. एवढं निवडून आणलेलं पितळ! कडा कानसल्या, चारही पाय दोनदा मोजले. दुपार झाली.

या वेळी ताईचे तळवे फरशीवर सपाट टेकले.

“ऊठ,” दाजी म्हणाले.

ताईने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली. खांदे थरथरले, मान ताठ झाली. कंबर गादीवरून केसभरही उचलली गेली नाही. तीनदा झालं. चौथ्यांदा तिने हात सोडले, दाजींकडे पाहिलं आणि त्यांची समजूत घालत म्हणाली, “उंची मात्र आता अगदी बरोबर झालीय हो.”