रेषेखालचा प्लॉट

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक जाहीर सूचना होती. शहराच्या नव्या महायोजनेचं प्रारूप लोकांना पाहायला ठेवलंय, कुणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी. महायोजना म्हणजे पुढच्या काही वर्षांत झाशीत घरं कुठे, बाजार कुठे, कारखाने कुठे आणि मोकळी जमीन कुठे, हे ठरवणारा नकाशा. मी मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, बत्तीस वर्षं भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. भिंतीएवढा नकाशा आणि तोही आपल्याच शहराचा! मी त्याच दिवशी जायचं ठरवलं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मी बी येते. आमचा प्लॉट दिसंल का वं त्यात?"

वहिनी साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान फौजेत सुभेदार होते, शेवटची पोस्टिंग जवळच्याच बबीना छावणीत. मुलगी इथेच कॉलेजात होती म्हणून निवृत्तीनंतर दोघं झाशीतच राहिले, आमच्या कॉलनीत भाड्याने. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी कधी शिरते ते मला कळतही नाही. मी "मला पत्ता नाही" म्हटलं की वहिनी हसत. "पत्ता पोस्टमनला इचारा, तुम्हाला ठाऊक न्हाई असं म्हणा." पण या गावात रोज मराठी बोलायला मला त्या होत्या आणि त्यांना मी.

चार वर्षांपूर्वी त्यांनी कॉलनीच्या मागे, तलैयाच्या कडेला, प्लॉट घेतला होता. तलैया म्हणजे उथळ तळं. पावसाळ्यात भरायचं, होळीपर्यंत आटायचं, मग तिथे म्हशी चरायच्या. तलैयाच्या काठावर कडुनिंब आणि त्याच्याभोवती दगडी चबुतरा.

नकाशा एका मोठ्या हॉलमध्ये लावला होता. मी आधी इलाइट चौराहा शोधला, कारण तिथून पुढे कुठलंही गणित सुटतं. चौराहा निळा होता. क्षणभर मी चक्रावले. जन्मभर मुलींना सांगत आले की नकाशात निळं म्हणजे पाणी, आणि इथे झाशीतल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात तळं? मग कोपऱ्यातली सूची वाचली. इथे निळा म्हणजे व्यापार, पिवळा म्हणजे राहती वस्ती, जांभळा कारखान्यांचा, लाल शाळा-दवाखान्यांचा, आणि हिरवा म्हणजे बागा, मैदानं, मोकळी जागा. मला गंमत वाटली. नवीन लिपी शिकल्यासारखं मी बोटाने रेल्वेलाईन पकडून आमच्या कॉलनीपर्यंत आले. कॉलनी पिवळी, तिच्यामागे तलैया हिरवी. पिवळ्याहिरव्याच्या मधोमध एक जाड काळी रेघ.

"मग आमचा प्लॉट कुठं हाय?" वहिनींनी विचारलं.

मी चष्मा वर केला, खाली केला. टेबलाशी एक तरुण नियोजनकार मुलगी बसली होती, तिला बोलावलं. तिने वहिनींचे कागद पाहिले, नकाशाशी वाकली आणि सरळ उभी राहत म्हणाली, "आंटीजी, आपका प्लॉट लाइन के नीचे है।"

वहिनींना कळेना. मुलीने शांतपणे समजावलं. या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. रेघच एक मिलिमीटर जाड. वहिनींचा प्लॉट रस्त्यापासून मागपर्यंत जेमतेम तीस फूट, म्हणजे रेघेहून बारीक. तो पिवळ्यात आहे की हिरव्यात, हे हा नकाशा सांगूच शकत नाही. हिरव्यात निघाला तर घराचा नकाशा मंजूर होणार नाही. "पण हे प्रारूप आहे," ती हिंदीत म्हणाली, "लिहून द्या. सुनावणी होईल."

परत येताना ई-रिक्शात वहिनी प्लॉटचे कागद पुन्हा पुन्हा उलटून बघत होत्या. घराच्या फाटकाशी उतरल्यावर म्हणाल्या, "जमीन आपल्या नावावर, रजिस्ट्री आपली, आन् घर बांधायचं का न्हाई ते रेघ ठरवणार? हा कसला कायदा?"

मलाही तेच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कचहरीजवळच्या कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "मैडम, वकील हैं?" मी म्हटलं, "नहीं, पड़ोसन हूँ।" त्याने हसून नगर नियोजनाच्या कायद्याचं पातळ पुस्तक काढून दिलं.

ते पुस्तक मी आठवडाभर पेन्सिल घेऊन वाचलं. भाषा रुक्ष, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. पण मला सोडवेना. जमीन तुमची असणं आणि तिच्यावर तुम्ही काय करायचं हे तुमच्या हातात असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला साठीला आल्यावर पहिल्यांदा नीट समजलं. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कामांची यादी आहे. मला वाटलं होतं पहिलं काम पाणी असेल, नाहीतर रस्ते. पहिलं आहे नगर नियोजन, आणि दुसरं जमिनीच्या वापराचं नियमन. आणि सगळ्यात नवल वाटलं ते एका लहानशा तरतुदीचं. कच्चा नकाशा लोकांपुढे ठेवल्याशिवाय, त्यांच्या हरकती ऐकल्याशिवाय तो पक्का होऊच शकत नाही. आपण हॉलमध्ये जाऊन नुसतं बघितलं, तेही त्या कायद्याचंच एक अंग होतं.

मी वहिनींना म्हटलं, "हरकत मी लिहून देते."

"पुरावा लागंल की, पाणी आमच्या प्लॉटवर येत न्हाई ह्याचा."

पुरावा माझ्याकडेच होता, हे मला त्या क्षणी आठवलं. दर वर्षी नववीच्या मुलींकडून मी आजूबाजूच्या परिसराचा नकाशा काढून घेत असे. पावलांनी मोजायचं, होकायंत्राने दिशा घ्यायची, कागदावर उतरवायचं. ऑगस्टच्या शेवटी, पाणी भरलेलं असताना, मी त्यांना याच तलैयावर आणायचे. चांगले नकाशे मी ठेवून दिले होते. दिवाणाखालची पेटी ओढली आणि नकाशे पलंगावर पसरले. कुणी कडुनिंब मोराच्या पिसासारखा काढला होता, कुणी म्हशींची संख्यासुद्धा लिहिली होती. सगळ्यांत नेटका नकाशा एरचहून शिकायला आलेल्या एका मुलीचा. बेतवा नदीच्या काठी वाढलेली, पाण्याची कड कशी काढायची हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

मी पट्टी घेतली. चबुतऱ्यापासून वहिनींच्या प्लॉटपर्यंतचं अंतर मला माहीत होतं. ते तिच्या नकाशावर मोजलं, मग पुन्हा मोजलं. प्लॉटचा मागचा भाग पाण्यात होता. दुसऱ्या वर्षाचा नकाशा घेतला. तिसऱ्या वर्षाचा. पाणी कधी थोडं अलीकडे, कधी थोडं पलीकडे. पण मागचा भाग पाण्यातच.

अलीकडची काही वर्षं पाऊस कमी झाला होता. पाणी तिथवर आलं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मी नकाशे परत पेटीत ठेवले. दोन दिवस वहिनींकडे गेले नाही. दाखवले नाहीत तर कुणाला कळणार होतं? पण त्याहून मोठी टोचणी वेगळी होती. प्लॉट घेताना वहिनींनी मला विचारलं होतं, "मॅडम, जागा बरी हाय न्हवं?" आणि मी म्हटलं होतं, "छान, हवेशीर आहे." मुलींना ज्या जागी उभं करून दर वर्षी पाण्याची कड काढायला लावली, त्या जागेबद्दल मी हवेशीर म्हणाले होते. लबाडी नव्हती, मी विचारच केला नव्हता. पण तेवढ्याने मनाचं समाधान होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी नकाशे घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. वहिनी पोळ्या लाटत होत्या. हात पुसून त्यांनी एकेक कागद पाहिला.

"हे तुमच्याकडं तवा बी होतं?"

"होतं."

"आन् तुम्ही हवेशीर म्हणला."

"हो. चुकलंच माझं."

त्या वळून पुन्हा पोळी लाटू लागल्या. पोळी वाकडी झाली, ती मोडून पुन्हा लाटली. मी उठणार इतक्यात सुभेदारसाहेब आतल्या खोलीतून आले. एरवी फार कमी बोलणारा माणूस. नकाशे उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिले. "पोरींनी उत्तर दिशा बरोबर धरलीय," ते म्हणाले. "चला, जागेवर जाऊन बघू."

आम्ही तिघं निघालो. त्यांच्याकडे टेप आणि फौजेतलं जुनं होकायंत्र, माझ्याकडे नकाशे. वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या, पण टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. चबुतऱ्यापासून मोजत, वहीत आकडे लिहीत आम्ही दुपारपर्यंत फिरलो. म्हशी घेऊन आलेले एक म्हातारे बाबा आमच्याकडे बघत उभे होते. वहिनींनी विचारलं, "बाबा, पानी कहाँ तक आता था?"

त्यांनी काठी घेतली, चालत आले आणि प्लॉटच्या साधारण मध्यावर जमिनीत टोचली. "इतै लौ आउत तो," ते म्हणाले. इथपर्यंत यायचं.

सुभेदारसाहेबांनी काठीपासून मोजलं. मुलींच्या नकाशांशी दोन पावलांचा फरक. मला खरं तर त्या क्षणी आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. वहिनी काठीकडे बघत होत्या. मग रस्त्याच्या बाजूला गेल्या आणि तिथून काठीपर्यंत पावलं मोजत आल्या.

"एवढी जागा तरी कोरडी हाय," त्या म्हणाल्या. "मॅडम, हरकत लिहा. पण खरी लिहा."

आम्ही खरी लिहिली. तलैया हिरवीच राहावी. पण रेघ जिथे पाणी थांबतं तिथे यावी. सोबत मुलींच्या नकाशांच्या प्रती आणि आमची मोजणी.

सुनावणीला छोटी खोली होती, बाहेर बाकांवर माणसं. आमच्यासारखेच तलैयाच्या कडेचे आणखी दोन प्लॉटवाले आले होते. दोघांचे प्लॉट आणखी आत, उतारावर. त्यातले एक मिठाईच्या दुकानाचे मालक, मला वर्षानुवर्षं ओळखणारे. त्यांनी लिहून आणलं होतं की तिथे कधी पाणी नव्हतंच. आमचे कागद त्यांनी बाहेरच पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

आत समितीसमोर मी बोलायचं असं ठरलं होतं. पण नाव पुकारलं तशा वहिनीच पुढे झाल्या. त्यांची हिंदी साताऱ्याच्या घाटातून उतरलेली. "साहब, पानी का जगह पानी को दो। बाकी का मेरे को दो। मैं झूठ नहीं बोलती, आधा पानी का है।"

खोलीत कुणी हसलं नाही. मधले अधिकारी नकाशे चाळत होते. एरचच्या मुलीच्या नकाशावर ते थांबले. "ये किसने बनाया?" मी सांगितलं, नववीतल्या मुलीने. त्यांनी तो कागद शेजारी बसलेल्या त्याच नियोजनकार मुलीकडे सरकवला आणि म्हणाले की जागेची पाहणी होईल.

बाहेर आल्यावर मिठाईवाले मला म्हणाले, "मैडम, आपके नक़्शे ने हमें डुबो दिया।" खरं पाहता पाण्यानेच डुबवलं असतं, पण ते मी त्यांच्या तोंडावर कसं म्हणणार?

पाहणी झाली. पुढे बरेच महिने काहीच कळलं नाही. मी दर पंधरा दिवसांनी चौकशीला जायचे, आणि ती नियोजनकार मुलगी मला बसवून काही ना काही नवीन दाखवायची. नाल्यांचा नकाशा, जुन्या विहिरींची यादी. माझी हरकत संपली, तरी कुतूहल संपेना. शेवटी महायोजना मंजूर झाली. हरकतींच्या निकालात आमच्याबद्दल दोन ओळी होत्या: रस्त्याच्या बाजूचा भाग निवासी, मागचा भाग जलाशय आणि हरित क्षेत्र.

त्या दोन ओळी वहिनींनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतल्या. मग म्हणाल्या, "अर्धं तर अर्धं. खाली दोन खोल्या, वर दोन." कागदाची घडी घालत पुढे म्हणाल्या, "तुमच्यावर राग हाय अजून. पण घर बुडाल्यावर जो आला असता, तसला न्हवं हा."

घर झालं. चार खोल्यांचं, अरुंद, वरच्या गॅलरीतून तलैया दिसते. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला आणि पाणी मागच्या कुंपणाशी येऊन थांबलं. आम्ही तिघांनी वरून पाहिलं. सुभेदारसाहेबांनी तेवढी वहीत नोंद केली.

मागच्या दोन प्लॉटवाल्यांपैकी एकाला प्लॉट विकणाऱ्याने दुसरीकडे जागा बदलून दिली. मिठाईवाल्यांचं अजून काही झालेलं नाही. जमीन त्यांचीच आहे, फक्त तिच्यावर त्यांना काही बांधता येत नाही. अशा माणसासाठी कायद्यात नेमकं काय आहे, ते मी शोधतेय. काही सापडलं की दुकानात जाऊन त्यांना सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा ते गिऱ्हाइकांकडेच बघत राहिले. गेल्या वेळी त्यांनी गल्ल्यावर दुसऱ्याला बसवलं, माझ्यासाठी स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "पढ़िए, मैं सुन रहा हूँ।"