सहा लूमच्या जागेत एक सावर

साल एकोणीसशे ब्याऐंशी, मी एक्केचाळीस वर्षांचा. अंबाडी नाक्यावर भिवंडीच्या एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो. मी, बायको हिरा, दोन बोचकी आणि एक पत्र्याची ट्रंक. आई गावातून पायी पोचवायला आली होती. रडली नाही. आमच्यात नाक्यावर रडत नाहीत. गाडी दिसली तशी म्हणाली, "पोटाला मिलंल रं तिथं, पन कानाला काय मिलंल?" मी म्हटलं, "आये, गप बस आता." म्हातारी माणसं निघतानाच काहीतरी काढतात, असं वाटलं आणि गाडीत चढलो.

निघायचं कारण असं की धाकट्या भावाशी माझं वाजलं. कशावरून ते लिहीत नाही, तो आता नाही. पण 'तुझ्या अंगणात पाणी पिणार नाही' अशी शपथ घेतली होती आणि ती मी पाळली. थोरला मुलगा दिलीप भिवंडीत लूमवर लागला होता, त्यानं निजामपुऱ्याच्या अंगाला गल्लीच्या टोकाचं घर घेतलं. तिथं आम्ही उतरलो.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही आम्हाला म्हणता की मजा आहे तुमची, नळ आहे, लाइट आहे. मी तुम्हाला खरं सांगतो, मला भिवंडीची शिसारी आली. गटार सकाळी लाल वाहायचं, दुपारी हिरवं. कुठला माल रंगतोय ते गटारावरून कळायचं. कापसाचा बुरा नाकात, डाळीत, पांघरुणात. रात्रंदिवस खटाक्‌खट, खटाक्‌खट, शेजारी बोलला तर तोंड हलताना दिसायचं, शब्द नाही. आणि थुंकणं. मी घराच्या कडेला मोगरा लावला, तर शिफ्ट सुटली की जो तो मावा त्याच्यावरच टाकून पुढं जायचा. पांढरा मोगरा मी भिवंडीत बघितलाच नाही. करडा बघितला, लाल ठिपक्यांचा बघितला. हिरानं एकदा तो केसात माळला आणि वास घेऊन काढून टाकला. म्हणाली, "ह्याला तंबाखूचा वास येतोय."

घरामागे मात्र थोडी मोकळी जागा होती. सहा लूम मावतील एवढी. सहा लूम असं दिलीप मोजायचा. मी म्हणायचो, गाढवा, तिथं एक झाड मावतं. त्या जागेत आल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात काटेसावरीचं रोप वर आलं. लावलं कुणी नाही, बी कुठून उडत आलं देव जाणे. दिलीप उपटायला गेला, मी कोयता घेऊन आडवा आलो. मला दुसरीच्या पुढं शाळा नाही, पण कुठलं रोप राहील आणि कुठलं जाईल ते कळतं. मग जास्वंद लावली, अनंत लावला, गटाराच्या पाण्याला हात न लावता नळाचं पाणी डोक्यावरून नेऊन घातलं. गल्ली हसायची. हसू दे.

नऊ-दहा वर्षांनी माघात सावर फुलली. पान एक नाही, नुसती लाल फुलं, मुठीएवढी. आणि पाखरं अशी आली की मी तोंडात धरलेली बिडी पेटवायची विसरलो. साळुंक्या फुलात डोकं घालून भांडायच्या आणि तोंडं पिवळी करून बाहेर यायच्या. बुलबुल, कावळे, कोतवाल. एक अंगठ्याएवढा जांभळा पक्षी यायचा, त्याला आमच्याकडं काय म्हणतात ते मला आठवत नाही, बहुतेक काहीच म्हणत नव्हते. पण सगळं मुकं. चोची उघडायच्या, मिटायच्या, आवाज लूमचा. फक्त शुक्रवारी लाइट बंद असायची, लूम बंद, त्या दिवशी पाखरांना गळा फुटायचा. आईचं नाक्यावरचं बोलणं मला तेव्हा कळलं. सांगायला आई राहिली नव्हती.

शुक्रवारी नमाज झाली की शेजारचे इस्माईलशेठ खुर्ची घेऊन यायचे. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतले, जुने लूममालक, मोठा माणूस. सावरीखाली खुर्ची टाकायचे आणि म्हणायचे, "गणपत, आज तुझे पावणे आले की नाही?" मी म्हणायचो, "आलेत शेठ, पन तुमच्यासारखे फुकट चहा पीत न्हाईत." मग तासभर दोघं पाखरं ऐकत बसायचो. त्या तासासाठी मी बाकीचा आठवडा त्या घाणीत काढायचो, हे लिहायला मला लाज नाही.

दिलीपला मात्र ते झाड डोळ्यांत सलायचं. चैत्रात बोंडं फुटून कापूस उडाला की तो ओरडायचा, "बाबा, तुमच्या झाडाचा कापूस माझ्या लूमवरच्या सुतात अडकतो, माल खराब होतो." कापसाच्या गावात ह्याला कापसाचा त्रास! त्याला मागे लूमची शेड टाकायची होती. मी जिवंत आहे तोवर नाही, म्हटलं. विषय संपला, असं मला वाटलं.

आता होळीचं सांगतो. आमच्या गावात होळीला सावरच लागते आणि ती चोरायची असते. ज्याची चोरली त्यानं शिव्या द्यायच्या नाहीत, परत मागायची नाही, उलट नारळ घेऊन होळीला यायचं. कांगावा केला तर वर्षभर घरात तंटा. मी तरुणपणी पाटलाच्या दारची सावर आणली होती आणि पाटलानं नारळ आणून माझ्या हातात दिला होता. ही गोष्ट मी गल्लीतल्या पोरांना दर वर्षी फुशारकीनं सांगायचो. सगळी आमच्याच तालुक्याकडून आलेली पोरं. ऐकायची, टाळ्या द्यायची.

एका वर्षी होळीच्या दिवशी मी हिराला घेऊन गणेशपुरीच्या गरम कुंडावर गेलो होतो, तिचे गुडघे धरले होते. दिवेलागणीला परत आलो. गल्लीच्या तोंडावर होळी उभी. लाल फुलांनी भरलेली सावर. मी मनात म्हटलं, व्वा, कुणाची उचलली? दोन पावलं पुढं गेलो आणि वरच्या बेचक्यात कावळ्याचं घरटं दिसलं. ते घरटं माझ्या ओळखीचं होतं. साळुंक्या अजून फुलांवर बसत होत्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरामागं गेलो. बुंधा तेवढा राहिला होता, फांद्या तोडून भिंतीला टाकलेल्या, आणि शेडच्या मापाचा चुना आखलेला. चुना बघितला तेव्हा कळलं की पोरांना माझी सावर कुणी सुचवली.

दिलीप मागे येऊन उभा राहिला. "बाबा, होळीची चोरी आहे. तुम्हीच सांगायचात ना, कांगावा करायचा न्हाय."

मी म्हटलं, "बरोबर आहे. नारळ कुठाय?"

नारळ घेऊन मी होळीला गेलो. पूजा केली, प्रदक्षिणा घातली. पोरं माझ्याकडं बघत नव्हती. होळी पेटली, पाखरं उडाली, घरटं पेटलं. मग बोंब मारायची वेळ आली. होळीला बोंब मारून कुणालाही काहीही म्हणता येतं, तोही रिवाजच. मी तोंडावर मूठ धरली आणि गल्ली हादरेल अशी बोंब ठोकली, "दिल्याच्या बैलाला...!" पोरं आधी घाबरली, मग एकदम ओरडली, "ढोल!" मी पुन्हा ठोकली. "दिल्याच्या शेडला...!" "ढोल!" "दिल्याच्या सहा लूमला...!" बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दिलीप आधी हसला, मग मान खाली घालून घरात गेला.

कडेला इस्माईलशेठ उभे होते. म्हणाले, "ते सगळं ठीक रे गणपत. पण मी शुक्रवारी खुर्ची कुठं टाकू?"

मी घरी आलो. जेवलो नाही. उद्या पहिल्या गाडीनं गावाला जायचं, असं अंथरुणावर पडून ठरवलं. पण जायचं कुणाकडं? भावाच्या अंगणात पाणी प्यायचं नाही, ही शपथ माझीच. तिकडे माझं अंगण नाही आणि इकडे होतं ते चुन्यानं आखलेलं. माझ्यासारखे जे गाव सोडून आले त्यांना हे सांगायला नको. आपण गाव आठवतो तेव्हा तिथली माणसं आठवत नाही, त्यांनी तर आपल्याला बाहेर काढलं. आपण आठवतो एखादं झाड, एखादा आवाज. तो ज्या जागेत मिळेल ती जागा आपली, मग सातबारा कुणाच्याही नावावर असो. मला तो ह्या घाणेरड्या गावात मिळाला होता. तो सोडून मी का जावं? जायचं असेल तर दिलीपनं जावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळवडीची, गल्लीत पोरं रंग खेळत होती, तेव्हा मी भिंतीला टाकलेल्या फांद्यांमधली मनगटाएवढी जाड एक निवडली, कोयत्यानं खालचं टोक तासलं, पहार खांद्यावर घेतली आणि इस्माईलशेठांची कडी वाजवली. सावरीची फांदी रोवली तर मूळ धरते.

"शेठ, जागा द्या."

"किती?"

"एका सावरीपुरती. तुमच्या आवारात, आमच्या भिंतीला लागून."

"आणि तुझा कापूस माझ्या लूमवर आला म्हणजे?"

"येत न्हाय. वारा खाडीकडून येतो, तुमचा कारखाना त्याच अंगाला राहतो. जो काय उडंल तो दिलीपच्या शेडमध्ये."

शेठ हसता हसता ठसकले आणि त्यांनी आवाराचं दार उघडलं. मी खड्डा खणला. भिंतीवरून दिलीप बघत होता, तोंडात ब्रश. मी म्हटलं, "बघतोस काय? पानी आन." तो बादली भरून घेऊन आला. त्या पाण्यानं मी हातपाय धुतले आणि फांदीला मात्र शेठांच्या आवारातल्या विहिरीचं पाणी घातलं.