राहिलेली पाच मिनिटं

मुलांनो, परवा तुम्ही विचारलंत, आईबाबा कसे भेटले. तुमची आई "कन्व्हेन्शनमध्ये" एवढंच म्हणाली आणि तिने विषय बदलला. आता तुम्हीही त्या वयाला आलात. माझ्याशी फोनवर बोलताना दुसऱ्याच कुणाच्या मेसेजकडे तुमचं लक्ष असतं, हे तुमच्या आजीला पुण्यात बसूनही कळतं. म्हणून उरलेलं मी सांगते.

२००६च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत अ‍ॅशबर्नला तुमच्या आईकडे होते. नोकरी चांगली, घर टापटीप, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. न्यूयॉर्कचा एक मुलगा तिला उंच इमारतींवरच्या हॉटेलांत जेवायला नेई, फोटो काढी, आणि मग आठवडा आठवडा फोन करत नसे. लग्नाचं विचारलं की म्हणे, बघू. ती मोबाइल ओट्यावर ठेवून भांडी घासायची आणि वाजल्याचा नुसता भास झाला तरी ओल्या हातांनी उचलायची. हळूहळू मीही त्या आवाजाकडे कान लावून बसायला लागले.

त्याच उन्हाळ्यात न्यू जर्सीत मराठी मंडळींचं संमेलन होतं, तेच ते कन्व्हेन्शन. माझ्या आग्रहाखातर ती आली. हॉटेलच्या हॉलमध्ये लग्नाच्या मुलामुलींचा मेळावा होता. वर झुंबरं, शेजारच्या हॉलमधून डीजेचा दणदणाट. मुली आपापल्या टेबलाशी बसायच्या, मुलगे पाच मिनिटांनी पुढे सरकायचे. संयोजक घंटा आणायला विसरले होते. त्यांनी सकाळच्या पूजेतली पितळी घंटी आणली आणि मी शाळेतली बाई म्हणून माझ्या हाती दिली. मी वाजवली की माणसं हसणं, बोलणं अर्धवट टाकून उठायची. काहींचे डोळे तर आधीच पुढच्या टेबलावर असायचे. मला ते बघवेना, आणि वाजवत तर मीच होते.

तुमच्या आईचा मोबाइल मांडीवर होता. जवळच्याच पिस्कॅटवेहून आलेला, ढगळ कोटातला एक मुलगा समोर येऊन बसला, तेवढ्यात मोबाइल थरथरला.

"घ्या ना कॉल," तो म्हणाला. "मी थांबतो."

ती बाहेर गेली. तो रिकाम्या खुर्चीसमोर हाताची घडी घालून बसला. त्याने स्वतःचा फोनसुद्धा काढला नाही. वेळ संपत आली. पुढचा मुलगा त्याच्या पाठीशी येऊन उभा राहिला, संयोजक काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी घंटी वाजवली. तो उठला.

ती परतली तेव्हा तिचं काजळ पसरलं होतं. न्यूयॉर्कवाल्याने शनिवारचं भेटणं कॅन्सल केलं होतं. जेवणाच्या रांगेत ती ताट घेऊन सरळ त्या कोटापाशी गेली. मी मागेच होते.

"माझी पाच मिनिटं राहिलीत," ती म्हणाली.

"आधी त्या घंटीवाल्या काकूंना लांब पाठवा."

"ती माझी आई आहे."

त्याच्या ताटातलं श्रीखंड जवळजवळ माझ्या साडीवर आलं.

लगेच काही जमलं नाही. न्यूयॉर्कचा फोन पुढेही यायचा, ती घ्यायची, आणि तुमच्या बाबांना ते ठाऊक होतं. मी पुण्याला परतले तरी वर्षभर मला चैन नव्हतं. मग एकदा ती फोनवर म्हणाली, "आई, अजून वाजतो तो. मी उचलत नाही."

आजही जेवताना ऑफिसचा फोन आला की तुमची आई उठून जाते. ती परत येईपर्यंत तुमचे बाबा पुढचा घास घेत नाहीत. त्यांचं ते थांबणं टिकलं आहे.