रंगुबाईंच्या ओळखीची जज

दिवाळीनंतर आमच्या गल्लीत बातमी पिकली, की रंगुबाई अमेरिकेत जज म्हणून निवडून आल्या. पिकवली कुणी ते विचारू नका, मी फक्त दोन घरं पुढं नेली. खरं एवढंच, की लेक शिवांजलीच्या बाळंतपणाला त्या ओहायोला गेल्या होत्या आणि तिथं तेव्हा जजांची निवडणूक होती.

तिथं खालच्या कोर्टाच्या निकालावर अपील ऐकणारं एक मधलं कोर्ट असतं. त्याचे जजसुद्धा लोकच मतं टाकून सहा वर्षांसाठी निवडतात. हे ऐकून रंगुबाईंचे कान टवकारले. कारण साताऱ्याला त्यांचं स्वतःचं अपील बारा वर्षं लोंबकळत होतं. चुलत दीर मानसिंग, रिटायर हवालदार, ह्यानं त्यांच्या उसाचा बांध कोरून दोन फूट आपल्यात घेतला होता. खालच्या कोर्टात त्या हरल्या होत्या. मालकांच्या मागं ती पट्टी राखायची, एवढाच त्यांचा ध्यास.

एक दिवस उमेदवार बाई स्वतः पत्रकं वाटत दारात आली. मत मागायला आलेल्याला मोकळं कोण सोडतं? आपल्याकडं गटार तरी मागून घेतात. रंगुबाईंनी तिला सांगलीचा गूळ आणि पाणी दिलं, मग लेकीला म्हणाल्या, "हिला सांग, तुजं मत हिलाच. पर आमच्या बांधाचं बघ म्हनावं. जज जजाला वळखत असनारच की."

शिवांजलीनं लाजत लाजत सांगितलं. बाई हसली, गूळ खाल्ला आणि म्हणाली, की कुठल्याच खटल्याबद्दल शब्द देता येत नाही, मत देणाऱ्यालासुद्धा नाही.

"मग आली कशाला?" रंगुबाई दिवसभर धुसफुसत राहिल्या. मतदानाच्या सकाळी शिवांजलीनं विचारलं, "आई, दोघं उभी आहेत. कुणाला टाकू?"

"जिनं मला न्हाई म्हटलं, तिलाच टाक."

बाई निवडून आली. रंगुबाई परत येईस्तोवर गल्लीतली बातमी 'रंगुबाईंच्या ओळखीची जज' अशी होऊन बांधापर्यंत पोचलेली. तिसऱ्याच दिवशी मानसिंग टोपी हातात घेऊन त्यांच्या ओट्यावर हजर.

"आवं वयनी, त्या जजबाईचा शब्द हिकडं पन चालतो म्हनं?"

"कोन म्हनलं?"

"समदी म्हनत्यात." मी आमच्या कुंपणापाशी कपडे वाळत घालण्यात फार गर्क होते. मानसिंग पुढं म्हणाला, "कोर्टकचेरी कशाला लांबवायची? सोडतो की दोन फूट."

रंगुबाई नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी बांध आयता पदरात पडत होता. त्यांची नजर उसाकडं गेली, परत आली. मग म्हणाल्या,

"भावजी, त्या बाईनं मला काय बी शब्द दिल्याला न्हाई. बांध माजा हाय म्हनून सोडत असाल तर आत्ता सोडा. अमेरिकेला भिऊन सोडलेल्या बांधावर माजी शेळी पन चरायची न्हाई."