नाना वकिलांचा कान

नाना वकील हत्यार विकत घेण्याआधी त्याचा आवाज ऐकत. जळगावच्या बाजारात रहीमभाईंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. तिथे पाना पसंत पडला की नाना खिशातून सुतळी काढत, पाना तिला टांगत, दुसऱ्या पान्याने त्याला हलका टोला देत आणि डोळे मिटून उभे राहत. "पोलाद गातं, ओतीव बीड खोकतं," असं ते म्हणत. रहीमभाई गल्ल्यावरून हसत विचारत, "वकीलसाब, औजार लेने आये हो के गाना सुनने?"

मी सनद घेऊन एरंडोलहून त्यांच्या हाताखाली काम शिकायला आलो, तेव्हा अंगणात एका जुन्या मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. काळा कोट दाराला टांगलेला होता. खालून प्रश्न आला, "अशील की वकील?" मी म्हटलं, "वकील." "मग तो मोठा पाना दे. अशिलाकडून मी काम करून घेत नाही."

ती मोटार त्यांनी कापसाच्या एका जिनवाल्याकडून भंगाराच्या भावात घेतली होती. इंजिन सुरू करून ते बॉनेटवर वाकत आणि कुठे काय ढिलं आहे ते नुसतं ऐकून सांगत. "मोटार अशिलासारखी असते, वसंता. आधी कुरकुरते, मग खोटं सांगते. थोडा धीर धरलास तर खरं बोलते." कोर्टातही त्यांचा हाच गुण होता. साक्षीदाराचा आवाज जरा कापला की नाना लगेच तिथे बोट ठेवत.

युद्धाच्या आधी त्यांनी रेडिओ बांधायला घेतला. मुंबईहून दोन व्हॉल्व्ह आणले, खोक्याला सुताराकडून पॉलिश करवून घेतलं, कडुनिंबापासून माळवदापर्यंत तार ताणली. आमच्या आळीत वीज नव्हती, म्हणून मोटारीची बॅटरी काढून रेडिओला जोडायची. रेडिओ बोलत असला की मोटार मुकी, मोटार निघाली की रेडिओ मुका. दिवेलागणीला अंगणात सतरंजी पडे आणि शेजारपाजार गोळा होई. नानांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, दारात तांदूळ निवडत बसत. त्या नरडाण्याकडच्या. इतकी वर्षं शहरात काढूनही त्यांची अहिराणी बदलली नव्हती.

एका संध्याकाळी सारंगी लागली होती. सूर इतका स्वच्छ होता की सतरंजीवर कुणी हलत नव्हतं. नाना मात्र खोक्याला कान लावून म्हणाले, "बॅटरी उतरली वाटतं. काही येतच नाही." ते तार बघायला शिडी चढले, तेव्हा मी अक्कांकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, डबा चांगला शे. त्यास्ना कानच रुसनात. बठ्ठं गाव ऐकस, त्यास्लेच ऐकू येत नही." मग पदराने डोळे टिपून पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्यानंतर नाना रेडिओ सुधारतच राहिले. आणखी एक व्हॉल्व्ह आला, मोठा कर्णा आला. रस्त्यावरचे टांगेवालेसुद्धा थांबून ऐकू लागले, तरी नानांचं समाधान होईना. दोष यंत्रात आहे, यावर त्यांचा पुरा विश्वास होता.

तो विश्वास रहीमभाईंच्या दुकानात संपला. नानांनी पाना टांगला, टोला दिला आणि मान हलवली. "बीड आहे. दुसरा दाखवा." रहीमभाई गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाले, "साब, ये तो गा रहा है." नानांनी पुन्हा टोला दिला. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. सुतळीवर थरथरणाऱ्या पान्याकडे ते एकटक बघत राहिले. मग काय सुचलं कोण जाणे, भर बाजारात त्यांनी पान्याचं एक टोक दातांत धरलं आणि वरून टोला दिला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "गातंय!" ते ओरडले आणि तिथल्याच पिंपावर बसून रडले.

कान बंद झाले होते, पण हाडांतून आवाज आत जात होता. घरी आल्यावर त्यांनी लाकडाची काडी दातांत धरून कर्ण्याला टेकवली आणि कितीतरी महिन्यांनी गाणं ऐकलं. पण दुसऱ्याच दिवशी सगळे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले. "रेडिओ दातांत धरता येतो, वसंता. साक्षीदार कसा धरू?"

वकिली सुटली. पुढे पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारही विकली. नरडाण्याजवळ अक्कांच्या माहेरची थोडी शेती होती, तिकडे दोघं राहायला गेली. जाण्याआधी नानांनी आणखी एक यंत्र केलं. जुन्या टेलिफोनचा बोलायचा भाग अक्कांच्या हाती, मध्ये तार आणि बॅटरी, दुसऱ्या टोकाला लाकडी गुंडी. ती गुंडी नाना कानामागच्या हाडावर दाबून धरत. पहिल्या दिवशी अक्का लाजून बोलेचनात. शेवटी म्हणाल्या, "काय बोलू? च्या मांडू का?" नाना हसत म्हणाले, "मांड, मांड! पण आधी पुन्हा एकदा विचार."

युद्ध संपलं त्या सुमाराला अक्का विषमज्वराने गेल्या. कळल्यावर मी गाडीने नरडाण्याला गेलो. नाना ओसरीवर बसले होते, खूप वाळले होते. माझ्या हातात त्यांनी यंत्राचा बोलायचा भाग दिला, गुंडी कानामागे धरली आणि म्हणाले, "तुला एक विचारायचं होतं. ही गेली तेव्हापासून तिचा आवाज आठवायला बघतो. पण आठवतो तो या तारेतून यायचा तो, पत्र्यासारखा. त्याआधीचा खरा आवाज हरवला माझ्याकडून. तू तर कानांनी ऐकलास. कसा होता रे?"

मी जमेल तसं सांगत गेलो. जरासा घोगरा होता. वाक्याच्या शेवटी वर जायचा, त्यामुळे साधं बोलणंही विचारल्यासारखं वाटायचं. मला 'भाऊ' म्हणताना 'ऊ' लांबायचा. रागावल्या की आवाज चढण्याऐवजी बारीक व्हायचा.

"बारीक व्हायचा," नाना पुटपुटले. "हो. बारीक व्हायचा."

माझं सांगून संपलं. नानांनी डोळे मिटले होते. ती गुंडी ते कानामागे तशीच दाबून बसले होते, आणि गाडीची वेळ झाली तरी मला माझ्या हातातला बोलायचा भाग खाली ठेवावासा वाटला नाही.